खंडानं घेतलेली गाडी

फोक्सवॅगनची व्हर्टस जून २०२२ मध्ये बाजारात आली. त्याच सुमारास आमच्या कंपनीत लीजवर गाडी घेण्याची माझी पाळी आली. काम ठिबक सिंचनाचं, मुक्काम शहाद्यात आणि फिरती नंदुरबार जिल्हाभर. माझ्या पदावरच्या बहुतेकांनी उंच, जाडजूड गाड्या निवडल्या होत्या. मी दीड लिटर टर्बो इंजिनाची व्हर्टस जीटी मागितली. वरिष्ठांनी दोनदा विचारलं, "नक्की ना? तुझ्याकडचे रस्ते कसे आहेत, माहीत आहे ना?" रस्ते माहीत होते, म्हणूनच मागितली होती. तीन वर्षांचा करार २०२५ च्या दिवाळीनंतर संपला आणि गाडी परत गेली. त्या तीन वर्षांबद्दल लिहायचं ते मुख्यतः एवढ्यासाठी, की आमच्यासारख्या जिल्ह्यात ताकदवान गाडी म्हणजे निव्वळ मिरवणं, असं सर्रास मानलं जातं. माझा अनुभव तसा नाही.

आधी लीजचं सांगतो, कारण घरात पहिला प्रश्न तोच निघाला. गाडी लीज कंपनीच्या नावावर, करार आमच्या कंपनीशी, भाडं माझ्या पगाराच्या रचनेतून आणि चालवणारा मी. विमा आणि ठरलेली सर्व्हिसिंग त्या भाड्यातच. भाड्यावर जीएसटी लागतो, तोही गाडी विकत घेताना लागतो त्याच दरानं. फायदा आयकरात होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे १.६ लिटरपर्यंतचं इंजिन असेल, गाडी कामाला आणि घरी अशी दोन्हीकडे वापरात असेल आणि खर्च कंपनी करत असेल, तर चालकाशिवाय महिन्याला फक्त १,८०० रुपये उत्पन्नात धरले जात. हे इंजिन १,४९८ सीसीचं, म्हणजे आकार लहान गाडीचा आणि जोर मोठ्या गाडीचा. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यामा आपलं काय शे?" मी म्हटलं, आप्पा, तुम्ही नदीकाठचा मळा इतकी वर्षं खंडानं केलात, त्यात तरी आपलं काय होतं? ते म्हणाले, पीक आपलं होतं. माझंही उत्तर तेच होतं.

टर्बो पेट्रोल गाडी महाराष्ट्राला नवी नव्हती. औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडानं २००१ मध्ये ऑक्टाव्हिया बांधायला घेतली. तिची १.८ लिटर टर्बोची आरएस आवृत्ती २००४ मध्ये आली, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो आणि नाशिकला रस्त्यावर ती दिसली की वळून बघायचो. व्हर्टस चाकणच्या कारखान्यात बनते. १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर हे तिचे आकडे, पण खरं महत्त्व पुढच्या आकड्याला आहे: हा २५० चा पूर्ण जोर १,६०० फेऱ्यांपासूनच मिळतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एका चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारी ती तळहाताएवढी चक्रं. टर्बो म्हणजे एवढंच.

त्याचं मोल मला ऊसतोडीच्या हंगामात कळलं. दिवाळीनंतर शहादा, प्रकाशा, तळोदा या पट्ट्यातले रस्ते उसानं भरून जातात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्याही रुंदीच्या बाहेर ऊस लोंबलेल्या. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. रात्री प्रकाशाहून शहाद्याकडे येताना समोरून ट्रकचे झगझगीत दिवे आणि आपल्यापुढे अंधारात हा काळा डोंगर. दुपदरी रस्त्यावर अशा ट्रॉलीला ओलांडताना आपण उजव्या बाजूला किती वेळ असतो, त्यावर सगळं अवलंबून असतं. आधीच्या गाडीत मी एअर कंडिशनर बंद करायचो, गिअर उतरवायचो आणि मग जीव मुठीत धरून निघायचो. व्हर्टसमध्ये रस्ता मोकळा दिसला की पाय थोडा दाबायचा. गिअरबॉक्स स्वतःच दोन पायऱ्या खाली येतो आणि ट्रॉली मागे पडते. उजवीकडे घालवायचा वेळ निम्म्यावर आला. वेगाची हौस भागवायला ही ताकद मी क्वचितच वापरली. या रस्त्यांवर ऐंशीच्या पुढे जाणं शहाणपणाचं नाहीच. पण चाळीसवरून ऐंशीला किती सेकंदांत पोचता येतं, हा आमच्याकडे सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि गाडी घेताना तो फार कमी लोक विचारतात.

दुसरी जागा तोरणमाळ. शहाद्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, शेवटी सातपायरी घाट. पठाराची उंची सुमारे साडेअकराशे मीटर. तिथं हवा मैदानातल्यापेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते, साध्या इंजिनाचा दम त्याच प्रमाणात कमी होतो. टर्बो हवा दाबून भरत असल्यानं ही घट भरून काढतो. पावसाळ्यात, चार माणसं आणि सामान घेऊन, ढग रस्त्यावर उतरलेले असताना मी हा घाट चढलो आहे. वळणात शिरताना गिअर हातानं दुसऱ्यावर आणून ठेवायचा, कारण फेरे १,६०० च्या खाली गेले की टर्बो क्षणभर थांबतो आणि मग एकदम ओढतो. ओल्या वळणावर असा झटका नको असतो. दुसऱ्या गिअरमध्ये फेरे टिकवून ठेवले की गाडी चढणीला सलग धार लागल्यासारखी जाते. बायकोला एरवी घाटात मळमळायचं. या गाडीत ती पहिल्यांदा यशवंत तलावापर्यंत गप्पा मारत आली, तेव्हा मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात.

धडगाव आणि मोलगी मात्र वेगळं प्रकरण. चांदसैली घाटाच्या किंवा देवगोई घाटाच्या डांबरी रस्त्यानं जाता येतं, पण शेतकऱ्याचा पाडा डांबरापासून दूर असतो. पाऊस पडला की दरडी, दगड आणि वाहत्या नाल्यातली फरशी. कागदावर पोटाखालची उंची १७९ मिलिमीटर, वाईट नाही. पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,६५१ मिलिमीटर असल्यावर उंचवट्यावर पोट टेकतंच. अशा दिवशी गाडी तळोद्याला ओळखीच्या दुकानासमोर लावायची आणि पुढे इतरांसारखं काळीपिवळी जीपनं जायचं. धडगाव-मोलगीच्या लोकांचं रोजचं वाहन तेच आहे, आणि त्या जीपच्या चालकांइतकं घाटातलं कौशल्य मी कुठल्याही महागड्या गाडीवाल्याकडे पाहिलेलं नाही. ज्याची रोजची फिरती वरच्या पाड्यांची आहे, त्यानं ही गाडी घेऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगत आलो.

उन्हाळ्याचं थोडक्यात. तापीकाठी पारा ४२-४३ वर गेला की टर्बोत शिरणारी हवाच तापलेली असते. इंटरकूलर तिला निववतो, तरी दुपारच्या आणि पहाटेच्या ओढीत फरक कळतो. पळवून आणलेली गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवायची, म्हणजे टर्बोला तेल मिळत राहतं. बंद केल्यावरही पंखा बराच वेळ घरघरत राहतो. आईला सुरुवातीला वाटायचं, मी चावी काढायला विसरलो. हिवाळ्यात नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथारी लागल्या की काचा वर आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबायचं, नाहीतर सगळ्यांना ठसका.

पेट्रोलचा विषय मोठा आहे. शहादा ते तळोदा सपाटीवर शांत चालवली की चारपैकी दोन सिलिंडर आपोआप थांबतात, पडद्यावर तशी खूण येते, आणि लिटरला सोळा-सतरा किलोमीटर मिळत. मग पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्वत्र झालं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं ऊर्जा एक तृतीयांश कमी, म्हणजे लिटरमागे किलोमीटर घटणारच. माझी गाडी २०२२ ची, त्यामुळे रबरी नळ्यांचीही काळजी वाटे. घरात यावर चर्चा व्हायची तेव्हा आप्पा वेगळं बोलायचे. आमचा ऊस पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा तापी परिसर कारखान्याला जातो, आणि इथेनॉलला मागणी असेल तर उसाचं बिल वेळेवर मिळण्याची आशा वाढते, असं त्यांचं म्हणणं. दोघांचंही खरं आहे. मला फक्त इतकं वाटतं, की जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचं पेट्रोलही पंपावर मिळायला हवं होतं, आणि वीस टक्क्यांचं दरात स्वस्त हवं होतं.

लीजचे काच अधूनमधून जाणवत. पासिंग पुण्याचं असल्यानं शहाद्यातही लोक पाहुणा समजत. नवापूरकडून सुरतला सर्व्हिसिंगला जाताना राज्याच्या सीमेवर कागद तपासले जात; आरसीवर भलत्याच कंपनीचं नाव, म्हणून अधिकारपत्र कायम डॅशबोर्डच्या कप्प्यात. एकदा आलेलं ई-चलान आधी लीज कंपनीकडे गेलं आणि तिथून 'हाताळणी शुल्क' लागून माझ्याकडे आलं. वर्षाच्या किलोमीटरची मर्यादा होती, ती फिरतीच्या नोकरीत सांभाळावी लागे. खंडाच्या रानात शेणखत कोणी टाकत नाही, असं म्हणतात. आप्पा टाकायचे. मीही तेल मुदतीआधी बदललं, खड्ड्यानं फुगलेला टायर स्वतःच्या खिशातून बदलला, दर आठवड्याला चाकांच्या आतला उसाचा चिखल धुतला. करारात यातलं काहीच बंधनकारक नव्हतं.

परतीच्या दिवशी तपासनीस आला. एक बारीक दांडी टायरच्या खाचेत घालून त्यानं खोली मोजली, रंगाची जाडी सांगणारं यंत्र प्रत्येक पत्र्याला लावलं, मागच्या बंपरवरचा ओरखडा मोबाइलमध्ये टिपला. बैलाचं शिंग लागलेलं होतं ते. त्याचे थोडे पैसे कापले गेले. उरलेल्या किमतीला विकत घेण्याची सोय होती. आप्पांनीच वही काढून हिशेब मांडला: वॉरंटी संपत आलेली, नळ्यांची शंका आणि सर्व्हिसिंगला दर वेळी सुरत. विकत घेणं परवडत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, पुढची कुठली? पुन्हा हेच इंजिन मागितलं आहे, या वेळी वीस टक्के इथेनॉलसाठी तयार केलेलं, हाताच्या गिअरचं, आणि करार चार वर्षांचा.