अझोला: नत्र कोण देतं, केव्हा मिळतो?

गोठ्यामागे प्लास्टिकचा कागद अंथरलेला वाफा, त्यात वीतभर पाणी आणि वर हिरवागार थर. ‘हे शेवाळ हवेतला नत्र खातं,’ असं त्याच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं. एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत.

अझोला शेवाळ नव्हे, पाण्यावर तरंगणारा नेचा आहे. त्याला खोड, पानं, पाण्यात लोंबणारी मुळं असतात. फूल आणि बी तेवढं नसतं. हवेत 78 टक्के नत्र असला तरी या नेच्याला तो थेट घेता येत नाही. ते काम त्याचा भाडेकरू करतो. प्रत्येक पानाच्या वरच्या भागात एक पोकळी असते आणि तिथे ‘नॉस्टॉक अझोली’ या सायनोबॅक्टेरियाच्या मण्यांसारख्या माळा राहतात. जुन्या पुस्तकांत त्यालाच ॲनाबीना म्हटलेलं आढळेल. नत्र स्थिर करणारं विकर ऑक्सिजन लागताच निकामी होतं, म्हणून माळेतल्या काही पेशी जाड भिंत उभारून फक्त हेच काम करतात.

‘मग हरभऱ्याच्या गाठींत वेगळं काय होतं?’ फरक मोठा आहे. त्या गाठींतला रायझोबियम हा जिवाणू जमिनीत स्वतंत्र जगतो आणि प्रत्येक नव्या रोपात त्याला नव्याने शिरावं लागतं. म्हणून तर आपण पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतो. अझोल्याचा सोबती बीजाणूंबरोबर थेट पुढच्या पिढीत जातो. 2010 मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातली बरीच जनुकं मोडीत निघालेली दिसली. आता त्याला नेच्याबाहेर जगताच येत नाही. त्यामुळे अझोल्यासाठी वेगळं जिवाणू संवर्धक कुणी विकत असेल, तर पैसे वाचवा.

नत्र घरचा, म्हणून खत नको? स्फुरद लागतोच. तो कमी पडला की वाढ खुंटते, पानं लालसर होतात. मात्र कडक ऊन आणि थंडीनेही अझोला लाल होतो, तेव्हा रंग बघून लगेच सुपर फॉस्फेट ओतू नका.

भातखाचरात अझोला नुसता तरंगत ठेवला, तर बहुतेक नत्र त्याच्याच अंगात राहतो. चिखलात गाडून कुजवला, की तो भाताला मिळू लागतो. चीन आणि व्हिएतनाममधले शेतकरी अझोला शेतात गाडत आले, ते यासाठीच.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज चाऱ्याचा. ‘किलोभर अझोला म्हणजे किलोभर पेंड’ हा हिशेब साफ खोटा. ताज्या अझोल्यात साधारण 94 टक्के पाणी असतं. किलोमागे सुकं उरतं 60 ग्रॅम, त्यात प्रथिनं 12 ते 15 ग्रॅम. सरकी पेंडीच्या किलोत ती 200 ग्रॅमच्या पुढे असतात. अझोला जनावरांना जरूर द्या, पण पूरक म्हणून; ओल्या वजनावर पेंड कमी केलीत, तर दूध घटेल.