जपानी शिकायचंय? एजंटाला पैसे देण्याआधी एवढं तरी समजून घ्या

गावागावांतली पोरं-पोरी सध्या जपानला कामाला जायचं म्हणतायत. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी 2021 मध्ये कुशल कामगारांबाबत करार झाला. त्यात शेती आणि वृद्धांची सेवा ही कामंही येतात. मात्र कामाच्या परीक्षेसोबत जपानी भाषेची परीक्षाही पास व्हावी लागते. ती दुसरं कुणी आपल्यासाठी देऊ शकत नाही. म्हणून आधी भाषा, मग पैशाचा व्यवहार.

वाक्य मराठीसारखंच

जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. 'मिझु ओ नोमिमास' म्हणजे 'पाणी पितो'. मिझु म्हणजे पाणी, नोमिमास म्हणजे पितो. मधला 'ओ' कशावर क्रिया होते ते दाखवतो.

आपले प्रत्यय शब्दाला मागून लागतात, तसेच त्यांचेही. 'नो' म्हणजे चा-ची-चे. 'वाताशी नो हाताके' म्हणजे माझं शेत. 'नि' म्हणजे ला. 'पुणे नि इकिमास' म्हणजे पुण्याला जातो. आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी चक्क 'का' लावायचा! 'इकिमास का?' म्हणजे 'जाता का?'

काय सोपं, काय अवघड

जातो, जाते, जातात या सगळ्यांना एकच 'इकिमास'. गेलो म्हणायचं तर 'इकिमाश्ता', जात नाही तर 'इकिमासेन'. लिंग-वचनाची भानगड नाही.

आपण पिकाला साळ, दाण्याला तांदूळ आणि शिजल्यावर भात म्हणतो. त्यांच्याकडेही इने, कोमे, गोहान असे तीन शब्द आहेत. 'उशी' म्हणजे मात्र गाय, हे लक्षात ठेवा.

उच्चार नीट हवा. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या, पण 'बा' लांबवून 'ओबाआसान' म्हटलं की आजी. दुसऱ्याच्या नावापुढे मानाने 'सान' लावतात, स्वतःच्या नावापुढे कधीच नाही.

खरी मेहनत लिपीची. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी 46 मूळ अक्षरं. त्यांचा क्रम का, सा, ता, ना असा आपल्या बाराखडीच्या वळणाचा, कारण बौद्ध धर्मासोबत संस्कृतची वर्णमाला तिकडे पोचली होती. रोज पाच अक्षरं गिरवली तर दोन्ही मिळून तीन आठवड्यांत होतात. तिसरी कांजी, म्हणजे चित्रलिपी. ती हळूहळूच येते.

परीक्षा कोणती?

जेएलपीटी परीक्षेत एन-5 ही पहिली पायरी, एन-1 सगळ्यात वरची. कामाच्या व्हिसासाठी एन-4 किंवा जेएफटी-बेसिक लागते. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यातही केंद्र आहे. अर्ज काही महिने आधीच भरावा लागतो. यात बोलण्याची परीक्षा नसते, पण तिकडे गेल्यावर बोलावंच लागतं. तेव्हा पहिल्या दिवसापासून मोठ्याने म्हणा.

जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' पुस्तक मोबाईलवर फुकट मिळतं. महिनाभर तेवढं करून बघा. जमतंय असं वाटलं, तरच क्लासची फी भरा. आणि 'भाषा आली नाही तरी पाठवतो' असं कुणी म्हणालं, तर तिथून सरळ उठून या.