शहरं तिथंच, मग विमानाला साडेतीन तास जास्त का?

हेलसिंकी ते टोकियो सरळ हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. फेब्रुवारी २०२२ पर्यंत हा प्रवास साधारण साडेनऊ तासांत व्हायचा. नंतर तो तब्बल १३ तासांवर गेला. कारण युक्रेन युद्ध. सरळ वाट रशियावरून जाते आणि रशियाने फिनलंडच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्यामुळे फिनएअरची विमानं कधी दक्षिणेकडून वळसा घालतात, तर कधी चक्क उत्तर ध्रुवावरून, अलास्काच्या बाजूने जातात. गंमत म्हणजे ही वाट जुनीच आहे. शीतयुद्धाच्या काळात, १९८३ मध्ये, याच कंपनीने ध्रुवावरून टोकियोची विनाथांबा सेवा सुरू केली होती. आता प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्रही मिळालं. जादा इंधन मात्र जळायचं ते जळतंच.