घरामागची शेड : घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

मुलगा हाताशी येतो, शिलाईची आणखी दोन यंत्रे घ्यायची ठरतात, पण जागा नसते. मग घरामागच्या मोकळ्या जागेत चार खांब उभे राहतात, वर पत्रे पडतात आणि काम सुरू होते. परवानगीचे विचारले की आमचे कारागीर बांधव घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल पुढे करतात. आम्ही स्पष्टच सांगतो, ही बांधकामाची परवानगी नव्हे. महापालिका अनधिकृत बांधकामावरही घरपट्टी घेते, वर शास्ती लावते. तेवढ्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४३ प्रमाणे घराच्या आतील दुरुस्तीला, तसेच बाहेरचे रूप फारसे न बदलणाऱ्या कामाला परवानगी लागत नाही. वारसा इमारती मात्र याला अपवाद आहेत. नवी शेड, वाढीव खोली किंवा माडी यांना परवानगी हवी. राहत्या खोलीचा कारखाना केला, तर एक वीटही न लावता तो वापरातील बदल ठरतो. त्यालाही परवानगी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

अर्ज कलम ४४ खाली करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर कलम ४५ नुसार परवानगी मिळाली असे मानले जाते. मात्र बांधकाम नियमांत तंतोतंत बसले पाहिजे. परवानगीची मुदत एक वर्षाची असते. ती वाढवून घेता येते, पण ही वाढीव मुदत तीन वर्षांपलीकडे नाही.

शेड आधीच उभी असेल आणि नोटीस आली, तर ती दडवून ठेवू नये. कलम ५३ नुसार नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरवून दिले आहे की, पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस रजिस्टर पोस्टाने द्यावी आणि मालकाचे म्हणणे ऐकावे. रस्ता, फुटपाथ यांवरील आणि रेल्वेमार्ग किंवा नदीपात्रालगतच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही.

पत्रे पुन्हा आणता येतील. पण ऐन हंगामात काम बंद पडले की तुटलेले गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, यंत्राच्या किमतीबरोबर नकाशा आणि परवानगीचा खर्चही भांडवलातच धरावा.