वजनदार स्वार आणि डोंगरी सायकलचा फोर्क

अंथरूण पाहून पाय पसरावे, हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. संसाराच्या खर्चाला तो योग्यच आहे. परंतु डोंगरी सायकल विकत घेणाऱ्या धिप्पाड मनुष्यानें तो तसाच पाळला तर त्याची फसगत होते. तेथें पाय आधीं मोजावे लागतात आणि अंथरूण मागाहून निवडावें लागतें. शंभर-सव्वाशें किलोग्रॅम वजनाचा स्वार दुकानांत जातो, चकचकीत सायकल घेऊन येतो, आणि पहिल्याच दगडाळ उतारावर त्याला दोन गोष्टी जाणवतात. ब्रेक दाबतांच सायकलचें नाक खालीं बुडतें. आणि हँडल एकीकडे वळविलें तरी चाक क्षणभर दुसरीकडेच जाऊं पाहतें. दोष आपल्या शरीराचा किंवा कौशल्याचा आहे, असें तो समजतो. पुष्कळदां दोष त्या दोहोंचा नसून पुढच्या फोर्कचा असतो. आणि चुकीच्या निवडीचें प्रायश्चित्त हँडलवरून पुढें फेकलें जाऊन भोगावें लागतें.

पुढचें चाक ज्या दोन पायांमध्यें बसविलेलें असतें, तो फोर्क. साध्या सायकलीचे हे पाय अखंड व ताठ असतात. डोंगरी सायकलीचा प्रत्येक पाय म्हणजे एकींत एक सरकणाऱ्या दोन नळ्या. वरची गुळगुळीत नळी खालच्या जाड नळींत आंतबाहेर सरकते. बहुधा एका पायांत हवेची किंवा पोलादाची स्प्रिंग असते व दुसऱ्यांत तेलाची यंत्रणा, म्हणजे डॅम्पर. स्प्रिंग धक्का झेलते; डॅम्पर तिची उसळी आवरतो. वरच्या दोन्ही नळ्या एका आडव्या जोडांत घट्ट बसविलेल्या असतात. त्या जोडास क्राउन म्हणतात, आणि त्यांतूनच हँडलकडे जाणारा दांडा वर निघतो.

ही रचना मोटारसायकलीवर फार पूर्वीं आली होती, जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें तेलानें आवरला जाणारा असा फोर्क १९३५ सालीं आपल्या गाडीस लावला होता. सायकलीस मात्र त्याची गरज भासली ती बऱ्याच उशिरां. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यांत २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं कांहीं तरुणांनीं जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्यावरून उतरण्याची शर्यत लावली. उतार इतका तीव्र कीं, मागच्या चाकाच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि तें पुन्हा भरावें लागे. म्हणून त्या शर्यतीस ‘रीपॅक’ हेंच नांव पडलें. त्या सायकलींचे फोर्क ताठ होते. धक्के झेलण्याचें काम स्वाराचे हातच करीत. पुढें १९८९ च्या सुमारास पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीनें आर.एस.-१ नांवाचा फोर्क बाजारांत आणला. १९९० सालीं कोलोरॅडोंतील ड्युरँगो येथें भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेंत उताराच्या शर्यतीचा विजेता ग्रेग हर्बोल्ड हा रॉकशॉक्सचाच फोर्क लावून उतरला, आणि मग या वस्तूविषयीं शंका उरली नाहीं.

त्या पहिल्या फोर्कच्या आंतल्या नळ्या सुमारें एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर जाडीच्या होत्या आणि तो जेमतेम ५० मिलिमीटर दबे. आज ३२, ३४, ३५, ३६ व ३८ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या प्रचारांत आहेत, आणि दबण्याचें अंतर १०० पासून १८० मिलिमीटरपर्यंत असतें. वजनदार स्वाराच्या दृष्टीनें या दोन आंकड्यांपैकीं पहिला अधिक महत्त्वाचा आहे. आणि दुकानांत बहुधा दुसऱ्याचीच स्तुति ऐकावयास मिळते.

पहिला आंकडा महत्त्वाचा कां, हें एका साध्या हिशेबानें कळतें. ११० किलोग्रॅमचा स्वार, १५ किलोग्रॅमची सायकल आणि ५ किलोग्रॅमचें सामान मिळून १३० किलोग्रॅम झाले. स्वार ७५ किलोग्रॅमचा असता तर ही बेरीज ९५ झाली असती. वेग झपाट्यानें कमी करण्यासाठीं गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोरानें ब्रेक लावला, तर ९५ च्या बेरजेवर सुमारें ४८ किलोग्रॅम वजनाइतका मागें ओढणारा जोर पडतो आणि १३० च्या बेरजेवर ६५ इतका. त्याच वेळीं भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकतो, आणि सपाटीवरहि एकूण वजनाचा फार मोठा हिस्सा एकट्या पुढच्या चाकाकडे येतो. उतारावर तर तो आणखी वाढतो. हा सर्व जोर चाकाच्या आंसापाशीं लागतो, आणि आंसापासून क्राउनपर्यंत लांबलचक फोर्क त्याला तरफेसारखा मिळतो. १६० मिलिमीटर दबणाऱ्या मोठ्या चाकाच्या फोर्कमध्यें ही लांबी अर्ध्या मीटराहूनहि अधिक असते. म्हणूनच फोर्क वांकतो.

नळीचा वांकण्यास होणारा विरोध तिच्या जाडीच्या प्रमाणांत सरळ वाढत नाहीं. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास वाढविला, तर ताठपणा ढोबळ मानानें व्यासाच्या घनाप्रमाणें वाढतो. ३२ च्या ऐवजीं ३६ मिलिमीटरची नळी घेतली तर व्यासांत आठवा हिस्सा वाढ झाली. ताठपणांत मात्र सुमारें चाळीस टक्के. ३४ च्या जागीं ३८ घेतल्यास लाभ जवळजवळ तेवढाच. प्रत्यक्ष नळ्यांची जाडी व घडण निरनिराळी असल्यामुळें हे आंकडे तंतोतंत लागू पडणार नाहींत. पण कल कोणीकडे आहे तें त्यांवरून स्पष्ट दिसतें. १३० व ९५ यांतील फरक सदतीस टक्क्यांचा आहे. एका पायरीनें जाड नळी घेतल्यानें तो बव्हंशीं भरून निघतो.

येथें कोणी म्हणेल, फोर्क थोडा वांकला तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. वरची नळी खालच्या नळींत दोन बुशांच्या आधारानें सरकते. नळी वांकली कीं ती बुशांत तिरपी अडकते, आणि नेमक्या धक्क्याच्या क्षणीं फोर्क दबण्याचें नाकारतो. स्वारास वाटतें, स्प्रिंग कडक आहे. तो हवा कमी करतो. आतां फोर्क सपाटीवर मऊ लागतो, पण उतारावर ब्रेक लावतांच तळाशीं जाऊन बसतो. फोर्क खालीं बसला म्हणजे सायकलचा पुढचा भाग खालीं येतो, चाक स्वाराच्या पायांकडे सरकल्यासारखें होतें, आणि समोर एखादा दगड आला कीं स्वार हँडलवरून पलीकडे जातो. मऊपणासाठीं केलेली तडजोड अशी जिवावर बेतते. शिवाय बुश व नळीवरील लेप एकाच बाजूनें झिजतात, तें नुकसान वेगळेंच.

नळ्यांइतकेंच लक्ष आंसाकडे द्यावें. जुन्या पद्धतीचा ९ मिलिमीटरचा, उघड्या खांचेंत बसणारा आंस भारी स्वारानें घेऊं नये. १५ किंवा २० मिलिमीटरचा आरपार आंस दोन्ही पायांना एकत्र बांधतो आणि त्यांना एकमेकांपासून पिळून जाऊं देत नाहीं. हँडलकडे जाणारा दांडाहि वरती सव्वा इंचाहून किंचित कमी व खालीं दीड इंच, असा निमुळता असावा. कारण सर्वांत मोठा ताण क्राउनजवळच येतो.

आतां स्प्रिंग. पोलादी स्प्रिंग साधी, विश्वासू आणि घर्षणांत कमी. परंतु ती ठराविक ताकदीचीच मिळते. सर्वांत कडक स्प्रिंगहि आपल्या वजनास पुरत नसेल, तर त्या फोर्कचे इतर गुण व्यर्थ होत. तेव्हां विकत घेण्यापूर्वीं निर्मात्याच्या कोष्टकांत आपलें वजन आहे कीं नाहीं, हें पाहावें. हवेच्या स्प्रिंगमध्यें पंपानें हवा भरून हवी तेवढी ताकद आणतां येते, म्हणून भारी स्वारास ती बहुधा सोयीची पडते. मात्र प्रत्येक फोर्कवर दाबाची कमाल मर्यादा लिहिलेली असते आणि ती ओलांडतां येत नाहीं.

दाब बरोबर आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची रीत सोपी आहे. नेहमींचे कपडे, शिरस्त्राण व सामान घेऊन स्वारानें सायकलीवर उभें राहावें. त्याच्या नुसत्या वजनानें फोर्क किती खालीं बसतो, तें नळीवरच्या रबरी कड्यावरून मोजतां येतें. यास ‘सॅग’ म्हणतात. एकूण दबण्याच्या अंतरांतील पंधरा ते वीस टक्के सॅग साधारणतः योग्य. म्हणजे १६० मिलिमीटरच्या फोर्कमध्यें २४ ते ३२ मिलिमीटर. दाब कमाल मर्यादेस भिडला तरीहि सॅग याहून अधिक राहत असेल, तर तो फोर्क त्या स्वारासाठीं नव्हे.

सॅग बरोबर असूनहि मोठ्या धक्क्याला फोर्क तळास आदळत असेल, तर हवा वाढविण्याची घाई करूं नये. हवेच्या नळींत बसविण्याचे लहान भरीव गट्टे मिळतात. त्यांच्यामुळें आंत हवेस जागा कमी राहते. हवेची जागा निम्मी झाली कीं तिचा दाब साधारण दुप्पट होतो, या नियमानें फोर्क सुरुवातीस पूर्वीसारखाच मऊ राहतो आणि शेवटीं शेवटीं कडक होत जातो. थोड्या खर्चांत भारी स्वाराची मोठी सोय होते ती येथें.

जोरकस स्प्रिंग तितक्याच जोरानें परत उसळते. ती उसळी डॅम्परनें आवरली नाहीं, तर प्रत्येक दगडानंतर हँडल हातांत नाचतें. म्हणून दुकानांतच एक परीक्षा करावी. आपल्या वजनास योग्य तेवढी हवा भरून परतीचा वेग आवरणारी कळ अगदीं मंदाकडे फिरवावी आणि फोर्क दाबून सोडावा. तरीहि तो झटक्यानें वर येत असेल, तर डॅम्पर हलक्या स्वारासाठीं घडविलेला आहे असें समजावें. दबण्याचा वेग आवरणारी निराळी कळ असल्यास उत्तम. ब्रेक लावतांना नाक बुडण्यावर तोच खरा उपाय आहे.

राहिला दबण्याच्या अंतराचा प्रश्न. जास्त अंतर म्हणजे जास्त मजबुती, हा समज चुकीचा आहे. अंतर वाढलें कीं फोर्क लांब होतो, तरफ वाढते आणि सायकलच्या सांगाड्यावरचा ताणहि वाढतो. सांगाडा बनविणाऱ्यानें जेवढी लांबी मान्य केली आहे, तेवढीच घ्यावी. १४० मिलिमीटर दबणारा पण ३६ मिलिमीटर नळीचा फोर्क भारी स्वारास, १६० दबणाऱ्या बारीक नळीच्या फोर्कपेक्षां अधिक हिताचा ठरतो.

बाजारांत या दृष्टीनें निवडीस वाव आहे. फॉक्स कंपनी आपल्या फोर्कांना नळीच्या व्यासावरूनच ३४, ३६, ३८ अशीं नांवें देते, त्यामुळें ग्राहकाचा गोंधळ होत नाहीं. रॉकशॉक्सचा लिरिक ३५ मिलिमीटरचा, तर २०२० सालीं निघालेला झेब ३८ मिलिमीटरचा. त्याच कंपनीचा डोमेन हा ३८ मिलिमीटरचाच, पण वजनानें अधिक व किमतीनें कमी. मारझोकी या मूळच्या इटालियन नांवाचा बॉम्बर झेड-१ हा ३६ मिलिमीटरचा असून तो पोलादी स्प्रिंगसहहि निघाला आहे. महागड्या हलक्या फोर्कपेक्षां स्वस्त पण जाड नळीचा फोर्क निवडण्यांत भारी स्वाराचा तोटा नाहीं. फोर्कमध्यें वांचविलेले तीनशें ग्रॅम त्याच्या एकूण भारांत पाव टक्काहि होत नाहींत.

आय.एस.ओ. ४२१० या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत फोर्कच्या चाचण्या घालून दिलेल्या आहेत. पण त्यांतील भार सायकलच्या प्रकारावरून ठरविलेले आहेत, अमुक एका स्वाराच्या वजनावरून नव्हेत. यास्तव सायकलच्या पुस्तिकेंत कमाल वजन दिलेलें असतें तें अवश्य वाचावें. त्यांत बहुधा स्वार, सायकल व सामान या तिहींची बेरीज धरलेली असते, हें विसरूं नये.

एवढें करून आणलेला फोर्कहि निगेवांचून टिकत नाहीं. खालच्या नळ्या उघडून, पुसून ताजें तेल घालण्याचें काम रॉकशॉक्सच्या सूचनेप्रमाणें सुमारें पन्नास तासांच्या वापरानंतर करावयाचें असतें. फॉक्स १२५ तास किंवा एक वर्ष, यांतील जें आधीं येईल तें सांगते. भारी स्वारानें मुदत संपण्याची वाट पाहूं नये. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या लाल चिखलांतून सायकल नेणाऱ्यानें तर प्रत्येक फेरीनंतर नळ्या व सील पुसून घ्यावे. त्या चिखलांतील बारीक रेती सीलखालीं शिरली कीं नळीवर ओरखडे पाडते.

कानहि उघडे ठेवावे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेंमागें हलविली असतां क्राउनपाशीं करकर ऐकूं आली, तर दाबून बसविलेला एखादा जोड सैल होत असण्याचा संभव असतो. ॲल्युमिनियम हा धातु लहान लहान ताणांचीहि आठवण ठेवतो. हजारों धक्क्यांनंतर तो पूर्वसूचनेशिवाय तडकूं शकतो. म्हणून क्राउनजवळ, दांड्याच्या मुळाशीं आणि ब्रेक जेथें बसतो तेथें बारीक चीर दिसली कीं फोर्क त्याच दिवशीं काढून ठेवावा. त्याच कारणास्तव, इतिहास ठाऊक नसलेला जुना फोर्क स्वस्त मिळाला तरी भारी स्वारानें टाळावा.

व्यायामासाठीं, वजन उतरविण्यासाठीं, किंवा केवळ डोंगराच्या ओढीनें पुष्कळ धिप्पाड माणसें सायकलीकडे वळतात, आणि पहिल्या एकदोन पडझडींनंतर ती कोपऱ्यांत उभी करून ठेवतात. त्यांतील कित्येकांची सायकल सुटली नसती, जर कोणी त्यांचें वजन संकोचानें टाळण्याऐवजीं सरळ विचारलें असतें आणि त्यास साजेसा फोर्क पुढें ठेवला असता. दुकानदारानें तें विचारलें नाहीं, तर स्वारानें आपण होऊन सांगावें. नळीची जाडी, आरपार आंस, आपल्या वजनाची स्प्रिंग आणि तिला आवरणारा डॅम्पर, या क्रमानें चौकशी करावी. रंग, हलकेपणा व दबण्याचें अंतर यांची पाळी त्यानंतर येते.