दीड इंच

मेडशीच्या जुन्या गावरस्त्यावर ब्रेकरच्या अलीकडे एक पांढरी एस्टीम थांबली. मागची दारं उघडली. एक आजी, एक बाई आणि दोन मुलं उतरली आणि चालत ब्रेकरच्या पलीकडे गेली. मग चालवणाऱ्या पोरानं गाडी तिरपी घेतली, एकेक चाक अलगद चढवलं, तरी खालून लोखंड घासल्याचा आवाज आलाच. आजी पदर सावरत पुन्हा गाडीत बसल्या. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलेलं दिसलं. मला मात्र ते फार खटकलं. गाडी घरची, आणि ब्रेकर आला की घरातल्या सगळ्यात थकल्या माणसानं उतरायचं! एस्टीम थोडं पुढे जाऊन एका गॅरेजच्या शेडकडे वळली. मीही मागोमाग गेलो.

गाडी एमएच-३० पासिंगची. पोराच्या वडिलांनी १९९६ मध्ये अकोल्याहून घेतलेली. तेव्हा वाशिम जिल्हाच नव्हता. तो १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि त्याचा एमएच-३७ क्रमांक त्यानंतरचा. वडील आता गाडी चालवत नाहीत. पोराचा तिच्यावर जीव आहे, हे तिच्या रंगावरूनच कळत होतं. तिला ‘लो’ करायची म्हणून त्यानं मागे एका ठिकाणी स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या. आता त्या काढून नीट सेट टाकायचा, असं म्हणत तो आला होता.

“किती खाली पाह्यजे?” मिस्त्रींनी विचारलं.

“तीन इंच, काका.”

“दीड.”

“अडीच तरी?”

“दीड इंच, बाप्पा. ह्या रोडवर त्याच्या खाली नाई.”

मिस्त्री साठीच्या पुढचे. पुढचं चाक काढून त्यांनी शॉकअप बाहेर घेतला आणि त्याचा रॉड हातानं दाबला. रॉड खाली गेला तो तिथंच राहिला. सीलमधून काळं तेल ओघळलं आणि त्याचा वास शेडभर झाला: जळकट, किंचित आंबूस, ग्रीसपेक्षा वेगळा. मी त्या तेलाला हात लावून पाहिला होता. साबणानंही तो वास लवकर गेला नाही. “हा मेला हाये,” मिस्त्री म्हणाले. “वरून तू स्प्रिंग कापली. आता गाडी कोनाच्या भरवशावर चालते?”

त्यांचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, कारण गाडी खाली घेण्याबद्दल बोलणारे बहुतेक जण फक्त स्प्रिंगबद्दल बोलतात. स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का पोटात घेते. पण घेतलेला धक्का ती परत फेकते. ते फेकणं आवरायचं काम शॉकअपचं. आत बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं, ते तापतं, आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. तेल गळलेल्या शॉकअपची गाडी झोपाळ्यासारखी हलत राहते, आणि प्रत्येक हेलकाव्यात चाकाची जमिनीवरची पकड सुटते. जुन्या गाडीचा पहिला खर्च इथंच व्हायला हवा. स्प्रिंगचा विचार त्यानंतर.

मग त्यांनी दुसऱ्या बाजूनं गाडी जॅकवर उचलली. चाक लोंबलं आणि मिस्त्रींनी आतली स्प्रिंग चक्क हातानं गोल फिरवली. ती मोकळी होती. वाटीत बसलेली नव्हती, नुसती अडकलेली होती. पोराचा चेहरा उतरला. रस्त्यावर एखाद्या खोल खड्ड्यात चाक असंच लोंबलं असतं, तर स्प्रिंग जागेवरून सरकली असती आणि परत कशी बसली असती हे सांगता येत नाही. त्याच गाडीत त्या आजी बसतात.

कापलेलं टोक मिस्त्रींनी मला बोटानं दाखवलं. गॅसनं कापल्याची निळसर काळी खूण वेढ्यावर वर चढली होती. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक पद्धतीनं तापवून आणि थंड करून लवचीक केलेलं असतं. ज्वाळा लागली की तेवढ्या भागाचा तो गुण जातो. शिवाय मूळ टोक वाटीत बसेल अशा आकाराचं असतं, कापलेलं टोक तिथं टेकूनच राहतं. कापल्यानं स्प्रिंग नरम होते असा पोराचा समज होता, आणि असा समज असणारे पुष्कळ आहेत. होतं उलटं. समजा, काम करणारे वेढे सहा आहेत आणि दोन कापले, तर उरलेली स्प्रिंग दीडपट कडक होते. म्हणजे उंची कमी, हलायला जागा कमी आणि वर मणक्याला दणके जास्त.

मिस्त्रींनी मापं घेतली. माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचं, जमिनीपासून नाही, म्हणजे टायरमधल्या हवेनं फसगत होत नाही. जुन्या गाडीत हे आधी करायलाच हवं, कारण इतक्या वर्षांच्या स्प्रिंगा स्वतःच बसलेल्या असतात आणि चारही कोपरे सारखे बसत नाहीत. काही वेळा मालकाला हवं ते अर्धंअधिक खाली येणं गाडीनं वयानंच केलेलं असतं. मग चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली, टेप धरला. मोकळी गाडी, आणि साडेचार इंच. घरची माणसं बसल्यावर किती उरत असेल, ते ब्रेकरवर ऐकलंच होतं.

ब्रेकरचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, ताशी २५ किलोमीटरनं सहज ओलांडता यावा असा. एस्टीमच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे २.३७ मीटर. म्हणजे अशा ब्रेकरवर चारही चाकं एकाच वेळी मावतात, आणि पोटाखाली उंचवटा येतो तो जेमतेम ४ सेंटिमीटरचा. गावोगावचे ब्रेकर मात्र हातभर रुंदीचे आणि उभ्या चढाचे. असा ब्रेकर पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये सापडतो आणि आपली सगळी उंची चेंबरवर घालतो. मानकाप्रमाणे ब्रेकर असते तर दीड इंचाचं भांडण बरंच सोपं झालं असतं. रस्ते बांधणाऱ्यांकडे हे मागायलाच हवं.

आणि ब्रेकर नसला तरी खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आता बहुतांशी चारपदरी आहे, त्यावर खाली घेतलेली गाडी छान धावेल. पण घर, शेत, बाजार आणि दवाखाना महामार्गावर नसतात. एस्टीम चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर शर्यतींत धावली आहे, तिथं तिला खाली घेण्यात अर्थ होता. तिथला पृष्ठभाग सपाट, आणि दर शर्यतीनंतर गाडी तपासायला माणसं.

तिच्या घडणीतही एक मर्यादा आहे. १९९४ मध्ये आलेल्या या गाडीला पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात. असा खांब खूप खाली घेतला की चाकं वरून आत झुकतात, टायर आतल्या कडेनं झिजतो, आणि अलाइनमेंट पुन्हा करावंच लागतं. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आडव्या रेषेच्या वर गेला तर आणखी एक गोष्ट होते. गाडीचं वजन तीन इंच खाली येतं, पण ज्या बिंदूभोवती ती वळणावर कलते तो बिंदू त्याहून जास्त खाली जातो, आणि गाडी जास्तच कलू पाहते. पातूरच्या घाटात कमी कलावी म्हणून खाली घ्यायची आणि घाटातच ती जास्त कलायची. दीड इंचापर्यंत आर्म साधारण आडवा राहतो, असं मिस्त्रींचं म्हणणं. त्यांनी ते पुस्तकात वाचलेलं नाही, झिजलेले टायर पाहून ठरवलं आहे.

पोरानं मोबाइलवर आटे फिरवून उंची बदलता येणारे कॉइलओव्हर दाखवले. वस्तू उत्तम आहे, पण त्या आट्यांत इथली धूळ आणि चिखल भरला की ते जाम होतात, आणि उंची बदलता येते म्हणून माणूस ती खालीच नेत राहतो. मूळ लांबीच्या शॉकअपवर नुसत्या बुटक्या स्प्रिंगा टाकणं स्वस्त पडतं, तेही दीड इंचापर्यंतच निभतं. त्याहून खाली जायचं तर आखूड रॉडचे शॉकअप हवेत, नाहीतर चाक लोंबलं की पुन्हा तीच मोकळी स्प्रिंग. मागणीप्रमाणे स्प्रिंग करून घ्यायची तर तारेची जाडी नीट विचारावी. इतर मापं तीच ठेवून ११ मिलिमीटरच्या जागी १२ ची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे ४० टक्के कडक होते. एका मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पाठीला कळतो.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करतं, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कडक निकाल दिला, आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला फेरनोंदणीसाठी तपासणीला उभं राहावंच लागतं. स्प्रिंगची ऑर्डर देण्याआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

शेवटी ठरलं ते असं. आधी चारही शॉकअप नवे, गॅसचे, मूळ लांबीचे. त्यांच्यासोबत मूळ उंचीच्या स्प्रिंगा, वरचे रबर माउंट आणि बंप स्टॉप. मग घरची सगळी माणसं बसवून चेंबरखाली माप घ्यायचं, आणि जागा उरली तरच दीड इंचाच्या स्प्रिंगा. पोरानं मान डोलावली, पण नजर मोबाइलवरच्या चित्रावर होती. त्याची हौस मला समजते. वडिलांची गाडी देखणी दिसावी असं वाटण्यात काही वाईट नाही.

माझं मत मिस्त्रींपेक्षाही थोडं कडक आहे. या भागात रोजच्या वापराची गाडी एक इंचच खाली घ्यावी, दीड ही शेवटची हद्द. आणि तुमच्या गाडीत कापलेली स्प्रिंग असेल, तर नव्या सेटचे पैसे जमेपर्यंत थांबू नका. त्याच मॉडेलची, न कापलेली, दोन्ही बाजूंची जोडी मिळवा आणि ती आधी बसवून घ्या.