निरसं दूध आणि माल्टाच्या शेळ्या

सव्वाशे वर्षांपूर्वी माल्टा बेटावर दूध दारात यायचं ते शेळीच्या पायांनी. वॅलेटाच्या गल्ल्यांतून गवळी कळप हाकत यायचा. कुणी भांडं पुढे केलं की तिथेच बसून धार काढून द्यायचा. कोमट, फेसाळ, धारोष्ण दूध. पाणी घातल्याची शंका नको, शिळं असण्याची भीती नको. आपल्याकडेही पहाटे चरवी घेऊन तबेल्यात जाणारी आणि डोळ्यांदेखत धार काढून घेणारी माणसं याच भरवशावर घराबाहेर पडायची.

त्याच बेटावर एक ताप होता. चढायचा, उतरायचा, आता सुटलो म्हणेस्तोवर पुन्हा चढायचा. सांधे धरायचे, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, आणि हे महिनोन्महिने चालायचं. तिथे तैनात असलेले ब्रिटिश सैनिक शेकड्यांनी अंथरुणाला खिळत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं १८८७ साली या तापाचा जंतू मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत शोधल्याचं जाहीर केलं. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कुठून, हे कोडं सुटायला आणखी १८ वर्षं गेली.

ते सुटलं थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरमुळे. (माल्टातली प्रागैतिहासिक मंदिरं उकरून काढणारा माणूसही हाच. जमिनीखाली काय दडलंय हे पाहायची त्याला ओढच असावी.) १९०५ साली त्याला प्रयोगासाठी शेळ्या हव्या होत्या. जंतू टोचण्याआधी त्यानं त्यांचं रक्त तपासलं, आणि सहापैकी पाच शेळ्यांच्या रक्तात त्या जंतूची खूण आधीच हजर होती! शेळ्या मात्र ठणठणीत. चारा खात होत्या, दूध देत होत्या. मग दूध तपासलं, तर जंतू त्या दुधातच सापडले. मला हा क्षण विलक्षण वाटतो. सगळं बेट ज्या भांड्यात डोळे मिटून विश्वासानं तोंड घालत होतं, ताप त्याच भांड्यात होता.

१९०६ साली सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि छावण्यांतला ताप झपाट्यानं ओसरला. बेटावरचे सामान्य लोक मात्र तेच निरसं दूध पीत राहिले, आणि ताप त्यांच्या घरांत राहिला.

‘गोठा स्वच्छ असेल, हात धुतलेले असतील, तर निरसं दूध प्यायला काय हरकत आहे?’ असं विचारणाऱ्यांनी या शेळ्या आठवाव्यात. शेणाचा शिंतोडा, मळका हात, न घासलेली कासंडी यांतून येणारे जंतू स्वच्छतेनं कमी होतात, हे खरंच. पण ब्रुसेला नावाचा हा जंतू कासेच्या आतच राहतो. गाई-म्हशींतला त्याचा भाऊबंद आपल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे: जनावर दिवस भरायच्या आत गाभडतं, मग सावरतं, दिसायला धडधाकट होतं, आणि दुधातून जंतू सोडत राहतं. म्हणून तर २०१९ पासून देशभर ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना याविरुद्ध लस टोचण्याचा सरकारी कार्यक्रम चालू आहे. गाईंचा क्षयही दुधातून माणसात येऊ शकतो. लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकणारे काही ई. कोलाय जंतूही.

आता यावरचा उपाय बघा, तो इतका साधा आहे की त्याचं नवल वाटायचंच आपण विसरलो आहोत. दूध ७२ अंशांवर फक्त १५ सेकंद ठेवलं की हे सारे रोगजंतू मरतात आणि दूध मात्र दूधच राहतं. असं कसं? जंतूंची जीवनयंत्रणा प्रथिनांच्या काटेकोर घड्यांवर चालते. उष्णतेनं घड्या विस्कटल्या की खेळ संपला. दुधातलं मुख्य प्रथिन, केसीन, मुळातच सैलसर असतं. जिथे घट्ट घडीच नाही, तिथे विस्कटणार काय? म्हणून दूध खळखळून उकळलं तरी घट्ट होत नाही. व्यायल्यानंतरच्या चिकात मात्र वासराला रोगांपासून जपणारी, घट्ट घड्यांची प्रथिनं ठासून भरलेली असतात. वाफ लागली की ती विस्कटून एकमेकांत गुंततात आणि गूळ-वेलदोड्याचा खरवस थरथरत उभा राहतो. चिकाचा खरवस का होतो आणि दुधाचा का नाही, याचं उत्तर असं घड्यांमध्ये आहे.

त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. दुधात फॉस्फटेज नावाचं एक विकर निसर्गतःच असतं. क्षयाचा जंतू मरायला जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित जास्त उष्णतेला ते निकामी होतं. म्हणून डेअरीत फॉस्फटेज तपासतात. ते निकामी झालेलं असेल, तर जंतू त्याआधीच गेलेले. इतकी चोख साक्ष दुधानं स्वतःच पोटात बाळगलेली आहे!

निरशा दुधाच्या बाजूनं एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. युरोपातल्या शेतांवर वाढणाऱ्या, न तापवलेलं दूध पिणाऱ्या मुलांत दमा कमी आढळतो, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं आहे. हे कुतूहलाचं आहे आणि त्यामागचं कारण शोधलंच पाहिजे. पण त्याच संशोधकांनी मुलांना निरसं दूध द्या असं सांगितलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही. तापवल्यानं काही जीवनसत्त्वं थोडी घटतात. कॅल्शियम आणि प्रथिनांचं पोषण शाबूत राहतं. गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस यांच्या पेल्यात तर धारोष्ण दूध नकोच.

पिशवीतलं दूध डेअरीत तापवूनच आलेलं असतं. ते थंडच्या थंड घरी पोचलं असेल तर पुन्हा उकळायलाच हवं असं नाही. गोठ्यातून आलेलं मात्र चुलीवर चढवाच. तापता तापता वर साय धरते, खालची वाफ तिच्याखाली कोंडते आणि सारं दूध अंग फुगवून काठाशी येतं. घरातलं कुणीतरी ‘दूध, दूध!’ करत धावतं. तोवर ७२ अंश केव्हाच मागे पडलेले असतात.